दरमहा दीड लाख : राघोबादादा आणि सुरतेचा करार

बडोद्याच्या जुन्या मराठी कुटुंबांचे सुरतेस जाणे-येणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. लग्नाची जर आणावयाची, थंडीत पोंक खावयाचा, चंदनी पडव्याची घारी घरी न्यावयाची, एवढे काम उरकले की माणूस परतीची गाडी धरतो. तापीच्या काठी उभ्या असलेल्या जुन्या किल्ल्याकडे पाहण्यास वेळ काढणारे थोडेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या त्रासापासून शहर वाचविण्यासाठी बांधलेला हा किल्ला १७५९ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे सोळाच वर्षांनी, १७७५ च्या फेब्रुवारीत, त्या किल्ल्यावर ज्यांचे निशाण होते त्यांच्याच दारी पुण्याच्या पेशवे घराण्यातील एक पुरुष आश्रयास आला. त्याच्या घोड्यांच्या टापा लाहोरपर्यंत वाजल्या होत्या. थोरल्या बाजीरावांचा तो पुत्र, नानासाहेबांचा धाकटा भाऊ, रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा.

दादांचे नाव निघाले की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, अटकेपार झेंडे आणि नारायणरावांचा खून. त्या दोन टोकांमध्ये त्यांचे सारे आयुष्य ज्या एका विवंचनेत गेले तिची आठवण फारशी कोणी काढीत नाही. ती विवंचना म्हणजे शिपायाचा पगार. दादांच्या यशात, अपयशात, पापात आणि परागंदा होण्यात हा पगार सावलीसारखा त्यांच्या मागे होता, आणि सुरतेस त्यांनी इंग्रजांशी जो करार केला तो अखेर पगाराचाच करार होता.

पगार कसा मिळे

दादांची गोष्ट समजण्यासाठी मराठी फौजेस पैसा कसा पोचत असे हे आधी पाहिले पाहिजे. शिवछत्रपतींनी फौजेस जमिनी तोडून देण्याची रीत मोडून रोख पगार चालविला. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी रचना होती. जुमलेदारास वर्षास ५०० होन व पालखी, हजारीस १,००० होन आणि पंचहजारीस २,००० होन मिळत. मोहिमेत मिळालेली लूट सरकारात जमा करावयाची आणि पगार सरकारातून घ्यावयाचा, असा दंडक होता. १६६४ व १६७० साली महाराजांनी सुरतेवर ज्या दोन स्वाऱ्या केल्या त्यांच्यामागेही फौजेचा व गडकोटांचा खर्च हेच मोठे कारण होते. शाएस्ताखानाने तीन वर्षे मुलूख तुडविल्यावर खजिना भरून काढावयास सुरतेइतकी श्रीमंत पेठ दुसरी नव्हती.

पुढे राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी जीवनमरणाचा झगडा सुरू झाला, खजिना उरला नाही, आणि सरदारांस सरंजाम तोडून देणे भाग पडले. पेशवाईत हाच क्रम वाढला. सरदाराने सरंजामाच्या उत्पन्नावर फौज बाळगावयाची. सरकारच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे घेऊन येणारा तो शिलेदार. मोहिमेच्या आरंभी शिलेदारास नालबंदी म्हणून काही रक्कम आगाऊ मिळे, वाटेत पोटापुरता रोजमुरा मिळे, आणि उरलेला हिशेब मोहीम संपल्यावर व्हावयाचा. तो हिशेब रोखीने होईलच असा भरवसा नसे. पुष्कळदा एखाद्या महालाच्या वसुलावर वरात मिळे, आणि त्या महालाचा मामलेदार म्हणे की वसूल आधीच दुसऱ्या वरातीत गेला. मग शिलेदार सावकाराकडे जाई. शिलेदाराचे घोडे लढाईत पडले तर त्याची उपजीविकाच पडली. पगार तुंबलेला असताना तोफेच्या तोंडावर घोडे घालण्यास शिलेदार कचरला तर तो भित्रा ठरत नाही, हे लक्षात ठेवावयास हवे.

पगार तुंबला की शिपाई तगादा लावीत, आणि तगाद्यानेही भागले नाही तर सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे धरून बसत. त्याला जेवू द्यावयाचे नाही, हलू द्यावयाचे नाही, आणि आपणही उपाशी राहावयाचे. १८०९ च्या सुमारास शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अशा धरण्यांची वर्णने सविस्तर लिहून ठेवली आहेत. पेंढाऱ्यांस तर पगारच नसे. लूट हीच त्यांची मिळकत, आणि तिचा काही भाग सरदारास द्यावयाचा. याच्या अगदी उलट गारद्यांची तऱ्हा. कवायत शिकलेले, बंदूक बाळगणारे हे पायदळ दरमहा रोख पगारावर राहणारे. त्यांस ना मुलुखाचे ममत्व, ना सरंजामाची आशा. महिना भरला की पैसा हवा.

अटकेपासून कर्जापर्यंत

रघुनाथरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७३४ रोजी साताऱ्याजवळील माहुली येथे झाला. ते पाच वर्षांचे असताना थोरले बाजीराव वारले. बाजीरावांनी राज्याच्या सीमा वाढविल्या, पण मागे कर्जही ठेवले; धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींसारख्या धनकोंपुढे त्यांस किती वेळा हात जोडावे लागले हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. मुलूख जिंकावयाचा तर फौज हवी, फौजेस पगार हवा, पगारासाठी कर्ज हवे, आणि कर्ज फेडण्यासाठी पुन्हा मुलूख जिंकावयास हवा, हे चक्र दादांस वारशानेच मिळाले.

१७५३ साली दादा गुजरातेत उतरले. दमाजी गायकवाडांनी नुकताच पेशव्यांशी समेट करून गुजरातचा अर्धा हिस्सा मान्य केला होता. दोघांनी मिळून अमदाबाद सर केली. ही दादांची पहिली मोठी कमाई, आणि गायकवाडांच्या घराशी त्यांचा संबंध येथूनच दृढ झाला. तेथून ते उत्तरेत गेले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव पडले, आणि अखेर सूरजमल जाटाने ३० लाख रुपये देण्याचे कबूल केले, तेही तीन वर्षांच्या हप्त्यांनी. शिपायाचा पगार मात्र हप्त्यांनी थांबत नाही.

दुसरी स्वारी १७५७-५८ ची. दिल्ली, सरहिंद, आणि एप्रिल १७५८ मध्ये लाहोर. दादा स्वतः लाहोराहून परतले. मराठी पथके पुढे अटकेपर्यंत जाऊन पोचली. महाराष्ट्राच्या इतिहासात याहून उंच क्षण थोडेच असतील. पण हिशेबाच्या वहीत याच स्वारीची नोंद निराळी आहे. पंजाबचा कारभार दादांनी अदिना बेगाकडे सोपविला आणि त्याने वर्षास ७५ लाख रुपये देण्याचे ठरले. त्याच वर्षी, सहा महिन्यांच्या आत, अदिना बेग मरण पावला आणि ती रक्कम कागदावरच राहिली. दादा पुण्यास परतले ते फौजेच्या खर्चाचे मोठे कर्ज घेऊन. हा आकडा इतिहासकारांनी सुमारे ८० लाख दिला आहे. राज्याची जमाबंदी हाती असलेल्या सदाशिवरावभाऊंस हे कर्ज रुचले नाही. त्यांच्या टीकेने दादा दुखावले, आणि पुढील मोहिमेवर भाऊसाहेबांनीच जावे असे ठरले. त्या मोहिमेचा शेवट १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झाला. ८० लाखांच्या वादाने पानिपत घडले असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्या मोहिमेवर कोणी जावे हे ठरविण्यात त्या वादाचा वाटा होता.

पुतण्या आणि चुलता

नानासाहेबांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले, आणि कारभार आपल्या हाती राहावा ही दादांची इच्छा उघड झाली. १७६२ साली चुलत्या-पुतण्यांत लढाई झाली. माधवरावांनी शरण जाऊन घर सावरले. १० ऑगस्ट १७६३ च्या राक्षसभुवनच्या लढाईत संकटात सापडलेल्या दादांच्या मदतीस माधवरावच धावले. पण भांडण मिटले नाही. अखेर १७६८ च्या जूनमध्ये धोडप येथे दादांचा पराभव झाला आणि त्यांस शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. धोडपच्या लढाईत दमाजी गायकवाडांचे पुत्र गोविंदराव दादांच्या बाजूने होते. त्याबद्दल गायकवाडांस मोठा दंड भरावा लागला, आणि त्याच वर्षी दमाजीही वारले. बडोद्याच्या गादीचे भांडण येथून सुरू झाले.

येथे माधवरावांची गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. पानिपतानंतरचे रिकामे जामदारखाने, तुंबलेले पगार, सावकारांचे तगादे हे सारे त्यांच्याही वाट्यास आले होते. चुलत्याच्या फौजेचा बोजाही वेळोवेळी त्यांच्याच अंगावर पडला. तरी त्यांनी वसुलाची शिस्त लावली, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे प्राण सोडण्यापूर्वी राज्याचे कर्ज फेडण्याची व्यवस्था करून ठेवली. तेव्हा काळच तसा होता, कोणीही असता तर हेच झाले असते, असे म्हणून दादांस मोकळे सोडता येत नाही. त्याच घरात, त्याच कर्जाखाली, दुसरा मनुष्य निराळा वागला होता.

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस. भर दुपारी गारद्यांची टोळी शनिवारवाड्यात शिरली. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसाफ हे त्यांचे पुढारी. आत शिरण्याचे निमित्त काय, तर थकलेला पगार. गारदी पगारासाठी आरडाओरडा करीत येतात ही गोष्ट वाड्यास इतकी सवयीची झालेली की त्यांच्या गलक्याने कोणास प्रथम संशय येऊ नये. नारायणराव दादांकडे धावत गेले, त्यांना मिठी मारली, आणि तेथेच त्यांचा अंत झाला. धरावे या शब्दाचे मारावे कोणी केले याबद्दल आनंदीबाईंच्या नावावर जी आख्यायिका चालत आली आहे तिला पक्का पुरावा नाही. पण पुतण्यास पकडण्यास दादांची संमती होती हे रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीत निष्पन्न झाले, आणि देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले. गारद्यांस मात्र ठरलेले पैसे हवे होते. खुनानंतर त्यांचे तोंड बंद करणे हेच नव्या पेशव्यांचे पहिले देणे ठरले.

पुढची कथा वेगाने सांगता येते. नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान उभारले. २६ मार्च १७७४ रोजी पंढरपुराजवळ कासेगावास दादांनी त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला. परंतु १८ एप्रिल रोजी पुरंदरावर गंगाबाईंस पुत्र झाला, सवाई माधवराव जन्मले, आणि दादांचा हक्क संपला. मग बऱ्हाणपूर, इंदूर, धार असे फिरत, शिंदे-होळकरांचा कानोसा घेत दादा निघाले. आनंदीबाई गरोदर असल्याने त्यांस धारच्या किल्ल्यात ठेवले. १० जानेवारी १७७५ रोजी तेथे जो मुलगा झाला तोच पुढचा दुसरा बाजीराव.

सुरतेचा करार

त्याच जानेवारीत दादा बडोद्यास आले. येथे फत्तेसिंगराव शहर धरून होते आणि गोविंदराव बाहेरून वेढा घालून बसले होते. दादा अर्थातच गोविंदरावांच्या बाजूस मिळाले. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज तेव्हा या दोहोंपैकी एका बाजूस पागेत किंवा शिलेदारीत असतील. एकाच घरचे दोघे भाऊ दोन बाजूंस असणेही त्या काळी नवल नव्हते. इतक्यात हरिपंत फडके पुण्याहून मोठी फौज घेऊन येऊन पोचले. १७ फेब्रुवारी १७७५ रोजी महीकाठी लढाई झाली आणि दादांची फौज उधळली. थोड्या स्वारांनिशी दादा खंबायतेस पळाले. तेथील नबाबाने दरवाजे लावून घेतले. पण इंग्रज वखारीतील चार्ल्स मॅलेट याने मदत केली. तोच पुढे पुण्यास इंग्रजांचा रेसिडेंट झाला. त्याच्या साह्याने दादा भावनगरमार्गे गलबतातून २३ फेब्रुवारीस सुरतेस उतरले.

सुरतेस ६ मार्च १७७५ रोजी करार झाला. त्यातील कलमे शांतपणे वाचण्यासारखी आहेत. इंग्रजांनी निदान २,५०० माणसांची फौज तोफखान्यासह द्यावयाची. त्यांत ७०० गोरे असावयाचे. दादांनी या फौजेच्या खर्चाबद्दल दरमहा दीड लाख रुपये द्यावयाचे, आणि तारण म्हणून ६ लाखांचे जवाहीर कंपनीकडे ठेवावयाचे. शिवाय साष्टी व वसई, आणि गुजरातेत जंबुसर व ओलपाड हे महाल कायमचे द्यावयाचे; अंकलेश्वराच्या वसुलातून वर्षास ७५,००० रुपये लावून द्यावयाचे. साष्टीचे ठाणे तर इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरअखेरच घेऊन टाकले होते. थोरल्या पिढीत चिमाजीअप्पांनी हजारो माणसे खर्ची घालून जी वसई घेतली ती दादांनी कागदावर देऊन टाकली.

आता थोडा हिशेब करू. दीड लाखास अडीच हजारांनी भागले म्हणजे माणशी दरमहा ६० रुपये पडतात. एकोणिसाव्या शतकात बंगालच्या फलटणीतील हिंदी शिपायास महिना ७ रुपये मिळत, हे ध्यानात घेतले म्हणजे ६० हा आकडा किती मोठा ते कळेल. हा सारा पैसा अर्थातच शिपायाच्या हाती पडत नव्हता. गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, मोहिमेवरील भत्ता, तोफा, दारूगोळा, बैल आणि सामान यांचा खर्च त्यात होता. दुसरा हिशेब याहून सोपा आहे. ६ लाखांचे जवाहीर म्हणजे दरमहा दीड लाखाप्रमाणे बरोबर चार महिन्यांचा पगार. चार महिन्यांत पुण्याची गादी मिळेल अशा अंदाजाने घरातले दागिने गहाण पडले. युद्ध चालले सात वर्षे.

इंग्रजांजवळ तरी एवढा रोख पैसा कोठून येई, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. मुंबईचा खजिना नेहमीच अपुरा असे. पण कंपनीच्या मागे बंगालचा वसूल होता, आणि सुरतेच्या सराफांस त्या वसुलाचा भरवसा होता. त्रवाडी अर्जुनजी नाथजींसारख्या पेढ्या येथे पैसा देत आणि त्याच्या हुंड्या तिकडे वटत. शिपायास महिन्याच्या महिन्यास पैसा मिळे तो या सराफी साखळीच्या जोरावर. दादांजवळ तलवार होती, नाव होते, पेशव्यांचे रक्त होते; पण सुरतेच्या पेठेत पत मात्र कंपनीची होती.

नदीकाठी अडलेली फौज

कर्नल कीटिंग फेब्रुवारीअखेर सुरतेस आला होता. दादा व कीटिंग समुद्रमार्गे खंबायतेस गेले, तेथे दादांची उरलेली फौज येऊन मिळाली. १८ मे १७७५ रोजी आनंदजवळ अडास येथे हरिपंतांशी लढाई झाली. कंपनीच्या बाजूचे सुमारे सव्वादोनशे लोक मेले अथवा जखमी झाले, त्यांत अकरा अधिकारी होते. लढाई कंपनीच्या पदरात पडली, पण स्वस्तात नव्हे. आता दक्षिणेत उतरून पुण्यावर चालून जावयाचे, तर दादांच्या स्वतःच्या फौजेने पाय रोवले. मागील पगाराची बाकी हाती आल्याशिवाय गुजरात सोडणार नाही असे शिलेदारांनी सांगितले. जे इंग्रज शिपाई भाड्याने आणले त्यांचा पगार तारणावर ठरलेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पेशव्यांचे मीठ खाल्ले त्यांचा पगार तुंबलेला, अशी ही विपरीत स्थिती होती. पावसाळा तोंडावर आला, मोहीम थांबली आणि कीटिंगची पलटण डभोईस पावसाळ्यासाठी राहिली.

मग पैसा उभा करावयाचा तो कोठून? जवळ होते ते बडोदे. जुलैमध्ये कीटिंगच्या मध्यस्थीने फत्तेसिंगरावांशी तह झाला आणि त्यांनी दादांस २६ लाख रुपये देण्याचे कबूल केले. गोविंदराव, ज्यांच्यासाठी दादा गुजरातेत आले असे म्हणत, त्यांना दक्षिणेत जहागीर देण्याचे आश्वासन देऊन बाजूस सारण्यात आले. फौजेचा पगार चुकविण्यासाठी दादांनी जुना स्नेही सोडून दिला. बडोद्याच्या रयतेने आणि सावकारांनी तो पैसा भरला, म्हणजे सुरतेच्या कराराची झळ अशी थेट आपल्या गावास लागली.

इतक्यात कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज सरकारने मुंबईकरांचा करार नामंजूर केला. १ मार्च १७७६ रोजी पुरंदर येथे दुसरा तह झाला. पुणे दरबाराने इंग्रजांस युद्धखर्चाचे १२ लाख द्यावयाचे, दादांची फौज महिन्याभरात मोडावयाची, आणि दादांनी दरमहा २५,००० रुपयांच्या नेमणुकीवर कोपरगावी राहावयाचे असे ठरले. जो मनुष्य वर्षापूर्वी फौजेसाठी महिना दीड लाखाची हमी देत होता त्यास आता त्याच्या सहाव्या हिश्शात पोट भरावयास सांगण्यात आले. दादांनी ते नाकारले. थोड्या माणसांनिशी ते सुरतेस राहिले आणि मग मुंबईस गेले. १७७८ च्या अखेरीस इंग्रज त्यांस घेऊन बोरघाट चढले, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावास महादजी शिंद्यांनी त्या फौजेस कोंडले. दादा महादजींच्या हवाली झाले. झाशीकडे नेत असता नर्मदेच्या काठी ते निसटले आणि जूनमध्ये पुन्हा सुरतेस, जनरल गॉडर्डच्या छावणीत, येऊन दाखल झाले.

यापुढची चार वर्षे दादांची ओळख सुरतेचा एक आश्रित एवढीच राहिली. युद्ध त्यांच्या नावाने चालले होते, पण निर्णय कलकत्त्यास आणि पुण्यास होत होते. विलायतेच्या दरबारी दाद मागावी म्हणून त्यांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणास व मणियार पारशास वकील म्हणून इंग्लंडास पाठविले; त्याचा उपयोग झाला नाही. १७ मे १७८२ रोजी सालबाईस तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत मिळाली, आणि दादांच्या वाट्यास पुन्हा तेच आले : दरमहा २५,००० रुपये. १७८३ मध्ये दादांनी सुरत सोडली आणि गोदावरीकाठी कोपरगावी वास्तव्य केले. ११ डिसेंबर १७८३ रोजी, वयाच्या पन्नाशीपूर्वीच, ते निवर्तले. धाकटे चिमाजीअप्पा त्यांच्या मृत्यूनंतर जन्मास आले.

मागे राहिलेला हिशेब

दादा गेले, पण सुरतेचा करार गेला नाही. धारेस जन्मलेल्या त्यांच्या पुत्राने, दुसऱ्या बाजीरावाने, ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस सही केली. कंपनीची ६,००० पायदळाची तैनाती फौज घ्यावयाची आणि तिच्या पगारासाठी वर्षास २६ लाखांच्या वसुलाचा मुलूख तोडून द्यावयाचा. पित्याने फौजेसाठी महिन्याचे पैसे कबूल केले होते; पुत्राने मुलूखच दिला, कारण पैसा थकतो आणि मुलूख थकत नाही हे इंग्रज दादांच्या अनुभवाने शिकले होते.

बडोद्यासही हेच झाले. गोविंदरावांच्या पश्चात आनंदरावांच्या कारकिर्दीत अरब शिबंदीचा पगार इतका चढला होता की शहराचे दरवाजे त्यांच्या मुठीत होते. जामीन राहणाऱ्या अरब जमादाराच्या शब्दावाचून दरबाराचा शब्द कोणी मानीत नसे. १८०२ च्या डिसेंबरात मेजर वॉकरने शहरास वेढा घालून अरबांस काढले, आणि त्यांची थकबाकी फेडली ती कंपनीच्या व पेढीवाल्यांच्या कर्जातून. हरिभक्ती, मैराळ ही नावे आपल्या पेठांतून आजही ऐकू येतात, ती याच काळात राज्याच्या हिशेबात खोलवर शिरली. १८०५ च्या तहाने तैनाती फौजेच्या पगारासाठी वर्षास ११,७०,००० रुपयांचा मुलूख कंपनीस लावून देण्यात आला.

आज शिपायाचा पगार दरमहा बँकेत जमा होतो. २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाप्रमाणे जवानाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते, आणि त्यावर ५,२०० रुपये सैनिकी सेवेबद्दल निराळे मिळतात. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरास पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये ठरले. त्यांतील तीस टक्के निधीत कापून सरकार तितकीच भर घालते, आणि चार वर्षांनी ती रक्कम हाती येते. अग्निवीरास पेन्शन नसावे की असावे यावर वाद चालू आहे आणि तो चालावयासही हवा, कारण शिपायास काय द्यावे हा प्रश्न कोणत्याच काळी केवळ हिशेबाचा नसतो. पण पगारासाठी सेनापतीच्या डेऱ्यापुढे उपाशी बसावे लागत नाही, पगार देणारा सेनापती नसून राज्य असते, आणि सेनापती कर्जबाजारी झाला म्हणून शिपाई दुसऱ्याच्या चाकरीस जात नाही. ही गोष्ट आपणांस इतकी साधी वाटते की ती मिळविण्यास किती काळ लागला ते आपण विसरतो.

राघोबादादांस इतिहासाने कठोर शिक्षा दिली आहे, आणि नारायणरावांच्या रक्तासमोर ती कमी करावी असे कोणी म्हणणार नाही. तरी लाहोर घेणाऱ्या सेनापतीस सुरतेच्या वखारीत दागिने मोजून ठेवावे लागले, या दृश्याने मराठी मनास आजही चुटपुट लागते. बडोद्याहून अमदाबादेच्या गाडीत बसले की महीचा पूल ओलांडल्यावर वासद लागते आणि मग अडास. १९४२ च्या ऑगस्टात बडोद्याच्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या ते हेच अडास. त्यापूर्वी १६७ वर्षे याच माळावर दोन्ही बाजूंनी मराठी माणसे लढली होती. लढाई संपल्यावर एका बाजूच्या शिलेदारांनी पुढे पाऊल टाकण्यापूर्वी आपला पगार मागितला. गाडी तेथून भरधाव जाते. खिडकीशी बसलेल्या वाचकाने क्षणभर त्या माळाकडे पाहावे, आणि त्या शिलेदारांचे मागणे रास्त होते की नव्हते याचा विचार करावा.